पुहोल्सच्या ओळीपुढचा एक शब्द

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला बेसबॉल-करारांचा तक्ता दोनदा वाचला. खेळाडू, कराराची वर्षं, रक्कम, 'वॉर' (साध्या बदली खेळाडूपेक्षा त्यानं संघाला किती जास्त विजय मिळवून दिले याचा अंदाज), आणि शेवटच्या रकान्यात तुझा निकाल. मन लावून काम केलं आहेस. पण फलंदाज अल्बर्ट पुहोल्सच्या कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाकडच्या दहा वर्षांपुढे तू 'वाया' एवढंच लिहिलंस, आणि मी तिथेच अडलो. तुला पुढे एखाद्या संघाच्या कचेरीत हेच काम करायचं आहे, म्हणून या एका ओळीबद्दल सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०११ मध्ये पुहोल्स सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ सोडून गेला, तेव्हा घरातला कर्ता मुलगा वेगळा निघावा तसं मला वाटलं होतं. ऑक्टोबरात कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली होती, तिच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं एकट्यानं तीन होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले होते. आणि दीडेक महिन्यात तो १० वर्षं, २४ कोटी डॉलर असा करार करून कॅलिफोर्नियाला गेला. इथे ११ हंगामांत ४४५ होमरन, .३२८ ची सरासरी, तीनदा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. असा माणूस सोडतात का, या एका प्रश्नावर आम्ही तो हिवाळा काढला.

(माझ्या वडिलांना फोनवर हे .३२८ समजावताना नाकी नऊ आले होते. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे बाद होण्यामागे धावा. बेसबॉलमध्ये ती म्हणजे फटकावण्याच्या प्रयत्नांमागे हिट; दहापैकी तीनदा (.३००) हिट मारणारा उत्तम समजतात. कुठला आकडा नेमकं काय मोजतो हे आधी विचारायची सवय मला त्या फोनांमुळे लागली.)

मग एका रविवारी मी वहीत त्याचा ऑन-बेसचा आकडा (हिट मारून किंवा फुकट, फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो) वर्षावर्षाने उतरवला. २००८ ला .४६२, २००९ ला .४४३, २०१० ला .४१४, २०११ ला .३६६. तीन वर्षं सलग उतार. २०१० मध्ये १०३ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) मिळवणारा माणूस २०११ मध्ये ६१ वर आला होता. सरासरीही पहिल्यांदाच .३०० च्या खाली गेली, .२९९. थोडक्यात चुकली म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं. आता यातही सावध राहायला हवं. २००९ मध्ये त्याचे ४४ वॉक प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम दिलेले होते; मुद्दाम वॉक देणं कमी झालं की ऑन-बेस आपोआप उतरतो, त्यात फलंदाजाचा दोष नसतो. शिवाय २०११ मध्ये मनगटाच्या दुखापतीनं त्याचे काही सामने हुकले होते. त्यामुळे नुसत्या त्या आकड्यांवरून कोणी छातीठोक भाकीत करू शकलं नसतं. पण तो बत्तिशीला टेकला होता आणि करार बेचाळिशीपर्यंतचा होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विचारायचा प्रश्न बदलतो. तो किती मोठा खेळाडू आहे, यापेक्षा अजून किती वर्षं मोठा राहील याचे पैसे असतात.

पुढचं तुला ठाऊक आहे. एंजल्सकडे .२५६ ची सरासरी, २२२ होमरन, आणि दहाव्या वर्षी, मे २०२१ मध्ये त्याला मुक्त केलं. त्या काळात एंजल्स प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) एकदाच पोचले, २०१४ ला, आणि तीन सामन्यांत घरी परतले. तुझा 'वाया' यावरूनच आला असणार.

पण तुझा तक्ता २०१२ पासून सुरू होतो.

पुहोल्सला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १३ व्या फेरीत घेतलं, ४०१ जण त्याच्या आधी निवडले गेले होते. २००१ मध्ये तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये खेळला: .३२९, ३७ होमरन, १३० आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे झालेल्या धावा). त्या वर्षीचा पगार २ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचं किमान वेतन. नियमच तसा आहे. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार, पुढची तीन आर्बिट्रेशन (पटलं नाही तर लवाद ठरवेल तो पगार), आणि सहा वर्षं भरल्यावर फ्री एजंट होऊन बाजारात उभं राहायची मुभा. तोवर बहुतेकांची तिशी जवळ आलेली असते, आणि शरीराची सर्वांत चांगली वर्षं कवडीमोलानं गेलेली असतात. २००४ मध्ये कार्डिनल्सनी त्याच्याशी सात वर्षांचा १० कोटींचा करार केला. त्यातही त्यांनी जे मिळवलं ते दिल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणून माझ्या मते ते २४ कोटी त्यानं कमावलेलेच होते, फक्त ज्या दारी कमावले त्या दारानं दिले नाहीत. एंजल्सची खरेदी चुकली असं तू खुशाल लिही. पण माणसापुढे 'वाया' लिहू नकोस.

कार्डिनल्सच्या बाजूनंही हिशेब पूर्ण कर. तो गेल्याच्या भरपाईत त्यांना एंजल्सची पहिल्या फेरीतली निवड मिळाली, २०१२ ची १९ वी, आणि त्यातून त्यांनी मायकेल वाका घेतला. २०१३ मध्ये डॉजर्सविरुद्धच्या एनएलसीएसमध्ये, म्हणजे नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत, त्याच वाकाला एमव्हीपी ठरवलं गेलं. करार न करण्यातही काहीतरी पदरात पडतं, आणि त्याला तुझ्या तक्त्यात रकानाच नाही.

पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) ओळींबद्दल थोडंच सांगतो. विजय-पराजयाचा रकाना सरळ काढून टाक. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमनं १.७० च्या ईआरएनं (नऊ डावांमागे पिचरनं दिलेल्या धावा) साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकला, नोंद होती १० विजय, ९ पराजय. त्याच्या फलंदाजांनी धावा केल्या नाहीत, हे त्याच्या खात्यावर कशाला?

आता जास्त अवघड भाग. पिचर मॅक्स शेर्झरनं जानेवारी २०१५ मध्ये नॅशनल्स संघाशी ७ वर्षं, २१ कोटींचा करार केला, तेव्हा तो ३० वर्षांचा होता. बरोबर एका वर्षानं, २९ वर्षांच्या फलंदाज क्रिस डेव्हिसनं ओरिओल्स संघाशी ७ वर्षं, १६ कोटी १० लाखांचा करार केला. आदल्या हंगामात त्याचे ४७ होमरन होते. शेर्झरनं दोन साय यंग आणि २०१९ ची वर्ल्ड सिरीज दिली. डेव्हिसची सरासरी २०१८ मध्ये .१६८ वर आली आणि करार संपण्याआधीच तो निवृत्त झाला. तू एकाला हिरवा, दुसऱ्याला लाल रंग दिलास. मागे वळून रंग कोणीही देईल. तू एक वही कर. करार जाहीर होईल त्याच दिवशी, तारीख घालून, तुझं मत आणि त्याची कारणं लिही. तीन वर्षांनी उघड. मत बरोबर आलं पण कारण चुकीचं होतं, असं जिथे सापडेल तिथे जास्त वेळ थांब. माझ्या वहीत अशी पानं बरीच आहेत आणि मला सर्वांत जास्त त्यांनीच शिकवलं.

रक्कम वाचताना पैसे कधी मिळणार हेही वाच. शोहेई ओहतानी या खेळाडूच्या करारातल्या ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार आहेत, तेही बिनव्याजी. लक्झरी टॅक्ससाठी (पगारावर मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या संघावरचा कर) त्याचं मोल वर्षाला ७ कोटी धरत नाहीत, सुमारे ४ कोटी ६० लाख धरतात. तू ७० कोटीच लिहिलेस. आपल्याकडे भिशीत पहिला नंबर लागणं आणि शेवटचा लागणं यातला फरक घरातल्या बायका बरोबर ओळखतात, तोच हा फरक.

२०२२ मध्ये पुहोल्स एका वर्षासाठी, २५ लाख डॉलरवर सेंट लुईसला परत आला. वय ४२. त्याला मुख्यतः डावखुऱ्या पिचरविरुद्ध उतरवायचं ठरलं, म्हणजे जे अजून जमत होतं तेवढंच त्याच्याकडून मागितलं. त्यानं २४ होमरन मारले आणि ७०३ वर थांबला. २३ सप्टेंबरच्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ६९९ वा आणि ७०० वा एकाच सामन्यात आले, तेव्हा मी आणि तुझी काकू टीव्हीसमोर उभे होतो. खाली बसायचं सुचलंच नाही.

तर तक्ता परत पाठवतो आहे. त्यात पुहोल्सच्या २००१, २००२ आणि २००३ या तीन ओळी भर. २००३ मध्ये .३५९ सह तो लीगचा बॅटिंग चॅम्पियन होता, आणि तिन्ही वर्षांचा पगार मिळून २० लाख डॉलरही होत नाही. मग बेरीज कर आणि शेवटचा रकाना पुन्हा लिही. रविवारी दुपारनंतर मी घरी असतो, फोन कर.

तुझा,
काका