फँटसी कादंबऱ्यांमधली गुंतागुंतीची पात्रं टीव्हीवर आली की सपाट का होतात? आधी पुस्तक वाचावं की मालिका बघावी?

प्रश्न वाचला आणि जेमी लॅनिस्टरला आलेलं पत्रच आठवलं, त्यामुळे मी फक्त 'गेम ऑफ थ्रोन्स'वर लिहिणार, बाकीच्या मालिकांवर दुसरं कोणीतरी लिहील.

मूळ पुस्तकं लिहिणारा जॉर्ज मार्टिन पहिली दोन पुस्तकं आपल्याला जेमीच्या डोक्यात शिरूच देत नाही. लहान पोराला खिडकीतून ढकलणारा, बहिणीशी संबंध ठेवणारा, ज्याचं रक्षण करायचं त्याच राजाला मारणारा, एवढाच तो दिसतो. मग तिसऱ्या पुस्तकात (2000) एकदम त्याच्याच नजरेतून प्रकरणं सुरू होतात, आणि तोवर आपण हजारभर पानं त्याचा राग राग केलेला असतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही, तो माणसाला बाहेरूनच बघतो. मनातलं सांगायला पात्राला कोणाशी तरी बोलावं लागतं. तिसऱ्या सीझनमध्ये (2013) हात तुटलेला जेमी हॅरनहॉल किल्ल्याच्या नहाणीत ब्रिएन या लढवय्या बाईला सांगतो ना, की राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता म्हणून मारलं, तो सीन म्हणूनच जमला. जिथे ऐकणारं कोणी नाही तिथे मालिकेला काय करावं तेच कळलं नाही.

आता पत्र. चौथ्या पुस्तकात जेमीची तीच बहीण सर्सी कैदेत आहे आणि भावाला लिहिते की ताबडतोब ये, मला वाचव. बाहेर बर्फ पडतोय, एक कण पत्रावर पडून शाई फुटते, आणि जेमी सांगतो, हे जाळून टाका. बस. मी हे डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने वाचलं होतं आणि उतरायचं स्टेशन गेलं.

मालिकेत हे पत्र नाहीच. तिथे सातव्या सीझनच्या शेवटी तो तिला सोडतो खरा, पण आठव्यात ब्रिएनला अंगणात रडत ठेवून परत तिच्याकडेच जातो. आमच्याकडे तो एपिसोड सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा, 6 मे 2019, ऑफिसच्या आधी मी आणि दादा बघत होतो. जेमी घोड्यावर बसला आणि दादा म्हणाला, "बरोबर आहे, माणूस बदलत नसतो, जात्याच तसा असतो." आणि तेव्हा बाबा चहाचे तीन ग्लास घेऊन दारात उभे होते. बाबांनी दारू सोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत दादाने त्यांच्या ऑफिसच्या बॅगेची चेन उघडून बघणं एक दिवस सोडलं नव्हतं, बाबांना ते माहीत होतं आणि तरी ते बॅग रोज तिथेच खुर्चीवर ठेवायचे. बाबांनी ग्लास टीपॉयवर ठेवले आणि काही न बोलता आत गेले. मी दादाशी इतकी भांडले की शेवटची वीस मिनिटं कोणी बघितलीच नाहीत. तो म्हणाला मालिकेवरून काय एवढं. मालिकेवरून नव्हतंच ते.

जेमीचा धाकटा भाऊ टिरियन, त्याचंही तसंच केलंय. पुस्तकात त्याला तुरुंगातून सोडवताना जेमी कबूल करतो की तुझी पहिली बायको वेश्या नव्हती, वडिलांनी मला खोटं बोलायला लावलं, आणि भाऊ वैरी होऊन वेगळे होतात, तिथून टिरियन थेट बापाला मारायला जातो. मालिकेत दोघं मिठी मारतात. खून ठेवला आणि खुनामागचं कारण काढून टाकलं, मग तो पुढे नुसता हुशार बोलणारा होणारच.

मालिका टाकाऊ आहे असं नाही म्हणत मी, निकोलाय कोस्टर-वाल्डाऊने जेमीचं काम सुंदर केलंय. आणि पाचवं पुस्तक 2011 चं, पुढचं अजून आलेलं नाही, तर मार्टिनही शेवटी जेमीला सर्सीकडे पाठवू शकतो हे मला मान्य आहे. पण तो पाठवेल तेव्हा आधी पत्र जाळलेलं असेल. जाळलं ते जाळलं. सहा वर्षं ती सहा वर्षंच, पुढे काहीही झालं तरी ती पुसली जात नाहीत, हे दादाला तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

तर आधी पुस्तक वाचा, निदान तिसरं आणि चौथं. चौथं सध्या दादाच्या टेबलावर आहे, पत्राच्या पानावर मी खूण घालून ठेवलीये.