जेन्टामायसिनच्या प्लेटवरच्या त्या बारीक वसाहती

तुमचे प्रश्न दोन: जेन्टामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती आल्या, त्या दूषित समजून टाकायच्या का? आणि त्यांना तगवणारं म्युटेशन (जनुकातला बदल) औषधानेच घडवलं का?

दुसरा आधी उरकतो. नाही, औषध फक्त निवड करतं. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी एकाच वाणाचे जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले. काही नळ्यांत जिवाणू मारणाऱ्या विषाणूला दाद न देणारे जिवाणू ढिगाने निघाले, काहींत एकही नाही. विषाणूची गाठ पडल्यावर बदल होत असता, तर सगळीकडे साधारण सारखेच आकडे आले असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं डीएनएला इजा करून म्युटेशनचा वेग वाढवतात हे खरं, पण कुठलं जनुक बिघडेल ते त्यांच्या हातात नसतं.

आता तुमची प्लेट. टाकू नका! मी विद्यार्थी असताना अशीच एक टाकली होती, अजून हळहळतो. जेन्टामायसिन पेशीत शिरतं ते पेशीपटलावरच्या विद्युतभाराच्या जोरावर, आणि तो भार टिकवते श्वसनाची इलेक्ट्रॉन साखळी. या साखळीला लागणारं हेम बनवणारं हेमबी किंवा तिलाच लागणारं मेनाक्विनोन बनवणारं मेनडी जनुक बिघडलं की साखळी तुटते, भार उतरतो आणि औषध आत कमी जातं. म्हणजे इथे प्रतिरोधासाठी वेगळं हत्यार काही नाहीच, चयापचयातला बिघाडच कामी येतो. मात्र पेशीला किण्वनावर (श्वसनाविना साखर मोडण्यावर) भागवावं लागतं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तुटपुंजं मिळतं, म्हणून वाढ रडतखडत. सोनेरी रंग जातो, रक्त मिसळलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) रक्तपेशी फुटून पडणारं वलय फिकं पडतं, कोअॅग्युलेज चाचणीही (या जिवाणूची नेहमीची ओळखचाचणी) उशिरा लागते. ओळख चुकते ती इथेच.

खात्री करायची तर रक्त नसलेल्या अगारवर ही वसाहत पसरवा (रक्तात हेम असतंच, मग चाचणीला अर्थ उरत नाही) आणि वर एक हेमिनची (हेम पुरवणारी), एक मेनाडिओनची (ज्यातून मेनाक्विनोन बनतं) चकती ठेवा. इतरत्र बारीक ठिपके आणि एका चकतीभोवती मात्र नेहमीच्या आकाराच्या वसाहतींचं कडं दिसलं, तर कुठला रस्ता बंद पडलाय ते कळलं. दोन्हींना दाद नसेल तर थायमिडीन हा डीएनएचा घटक लावून बघा. थायमिडीनवर अवलंबून असलेले वाण बहुधा कोट्रायमोक्सॅझोल या प्रतिजैविकाखाली निवडले जातात.

औषध काढलं की प्रतिरोध जातो का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. या वाणांत बऱ्याचदा जातो, कारण दुरुस्त झालेली पेशी झपाट्याने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. पण हा नियम समजू नका. आरपीएसएल जनुकातल्या काही म्युटेशनमुळे स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक रायबोसोमवर (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) चालत नाही, आणि प्रथिनं बनवण्याचा वेगही मंदावतो. औषधाविना पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर तो वेग सावरतो, प्रतिरोध मात्र तसाच राहतो. मूळ चूक पुसायला नेमकं एकच अक्षर पूर्ववत व्हावं लागतं. ती भरून काढणारी दुसरी म्युटेशनं कितीतरी ठिकाणी होऊ शकतात. साहजिकच आधी तीच सापडतात.

आणि हो, चकत्या लावण्याआधी एक वसाहत ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा. साध्या अगारवर दोन-तीनदा उतरवलीत की मोठ्या वसाहती मिसळायला लागतात, मग मूळ वाण शोधत बसाल.