आजीची हळद

चिऊ,

परवा तुझा गुडघा फुटला तेव्हा आजी व्हिडिओ कॉलवर ओरडली, "अगं, आधी हळद दाब!" आणि तू मला विचारलंस, "हळद तर भाजीत घालतात, तिने जंतू कसे मरतील?" तेव्हा मी घाईत होते. आज नीट सांगते.

हळद पिवळी दिसते ती तिच्यातल्या कर्क्युमिन नावाच्या द्रव्यामुळे. प्रयोगशाळेत बशीत जंतू वाढवून त्यांच्यावर हळदीचा अर्क टाकला की काही जातींची वाढ खरोखर थांबते. तिचं दुसरं काम तेलात कळतं. उघडं तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं; कर्क्युमिन ते खवट होणं लांबवतं. असं करणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. लोणचं टिकतं ते मुख्यतः मिठावर आणि तेलावर, हळद हातभार लावते.

पण बशी वेगळी आणि आपलं अंग वेगळं. पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. मिरीबरोबर ते जास्त पोचतं, म्हणून तुझ्या हळद-दुधात मी मिरपूड टाकते. आणि डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. म्हणूनच मी तुझी जखम आधी साबण-पाण्याने धुतली आणि पट्टी लावली. आजीचं खोटं नव्हतं, पण धुणं पहिलं.

आजीचं हे ज्ञान एकदा चक्क अमेरिकेत अडकलं होतं. 1995 मध्ये तिथे जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, जणू कोणीतरी ते नव्यानेच शोधलं! भारताच्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. घरोघरच्या आज्या हे करतात, एवढं सांगून भागत नव्हतं. छापील पुरावा हवा होता. मग जुने ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेखसुद्धा पुढे ठेवला. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला हे आठवलं की अजूनही ऊर भरून येतो.

तुझ्या पांढऱ्या फ्रॉकवरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल झाला होता, आठवतं? साबणासारख्या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पदार्थाने हळद लाल होते. पूर्वी घरी हळदीचं कुंकू करायचे ते याच गुणावर. शनिवारी इंडियन स्टोअरमधून खायचा चुना आणू, बशीत चिमूटभर हळदीत मिसळू. रंग बदलताना आजीला कॉलवर घे, तिला तो फार आवडतो.

तुझी,
आई