भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि संगणक अशा तिघांनी मिळून मोठ्या डेटावर काम करायचं, तर वर्कफ्लो कुठून सुरू करावा?

तुम्ही संगणकवाले, बाकीचे दोघं वेगळ्या विषयांतले, आणि तुमचा प्रश्न असा की स्नेकमेक घ्यावं की नेक्स्टफ्लो, म्हणजे डेटावरचे टप्पे एकामागून एक आपोआप चालवणाऱ्या दोन सॉफ्टवेअरपैकी कोणतं. तिघांपैकी कुणाला जे आधीच येत असेल, ते घ्या. पण त्याच्याही आधी, नमुना मशीनवर चढतो तेव्हा तिथे जाऊन बसा.

मी इंदूरचा. इथे इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र आहे, सोयाबीन संशोधन संस्थाही आहे, त्यामुळे अशी मंडळी एकमेकांना भेटतात. आमच्या गटाचं काम सोयाबीनच्या खोडाच्या एक्स-रे टोमोग्राफीचं होतं, म्हणजे अनेक कोनांतून एक्स-रे घेऊन आतली रचना उभी करायची. नमुना फिरवत १,००० प्रतिमा घ्यायच्या. २०४८ बाय २०४८ पिक्सेलची १६ बिटांची एक प्रतिमा सुमारे ८ एमबीची, म्हणजे स्कॅन ८ जीबीचा. त्यातून ३२ बिटांत त्रिमित रचना उभी केली, की एकाच खोडाचे ३४ जीबी होतात!

डिटेक्टरचा एखादा पिक्सेल बिघडलेला असला, की छेदचित्रात गोल कडी उमटतात. मी ती घालवणारा फिल्टर लावला आणि सगळे नमुने रात्रभर चालवले. सकाळी वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी चित्रं पाहिली. म्हणाल्या, "अरे, वाहिन्यांचं कडं कुठे गेलं?" खोडात वाहिन्या मुळातच गोलात असतात, आणि आम्ही खोड फिरण्याच्या अक्षावर अगदी मधोमध लावलं होतं. फिल्टरला खरं कडं आणि खोटं कडं एकच! यावरचा तोडगा भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने काढला: खोड अक्षापासून जरा बाजूला लावायचं. मग डिटेक्टरची कडी अक्षाभोवती राहतात आणि खोडाचं कडं वेगळं दिसतं. मी एकट्याने महिनाभर कोड खरडला असता तरी मला हे सुचलं नसतं.

मूळ फाइली कुणालाही बदलता येणार नाहीत अशाच ठेवा. आमच्या तशा होत्या, म्हणून फिल्टर सौम्य करून जुन्या स्कॅनमधूनही बरंच काही परत मिळालं. प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळी लिहा, म्हणजे एक टप्पा बदलला तर स्नेकमेक फक्त त्याच्यावर अवलंबून असलेले टप्पेच पुन्हा चालवतं. पिक्सेलचं माप, एक्स-रेची ऊर्जा, सोयाबीनचा वाण हे सगळं डेटाच्याच एचडीएफ५ फाइलमध्ये (डेटा आणि त्याची माहिती एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार) टाका, कुणाच्या वहीत नको.

आणि पहिला रन तिन्ही दिशांनी निम्म्या मापाचा करा. ३४ जीबीचे साधारण सव्वाचार होतात, बऱ्याशा लॅपटॉपवर उघडतात. ते चित्र आधी तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना बघू द्या, मगच रात्रीचा पूर्ण रन लावा.