'लालसर हिरवा' का म्हणत नाहीत?

प्रश्न असा आहे: 'निळसर हिरवा', 'पिवळसर हिरवा' सहज चालतं, मग 'लालसर हिरवा' का खटकतं? '-सर' प्रत्ययाला काही बंधन आहे का?

व्याकरणाचं बंधन नाही. '-सर', '-ट', '-ऊस' हे प्रत्यय एवढंच सांगतात की रंग शेजारच्या रंगाकडे झुकलाय. हिरवट पिवळा म्हणजे लिंबाचा, निळसर हिरवा म्हणजे मोरपंखी, लालसर पिवळा म्हणजे केशरी, लालसर निळा म्हणजे जांभळा. आता 'पिवळसर निळा' म्हणून बघा, तेही अडतं. चित्रकलेच्या तासाला पिवळ्यात निळा मिसळून हिरवा केलेला असतो, पण त्या हिरव्याला कोणी पिवळसर निळा म्हणत नाही. म्हणजे जोड्या नेमक्या दोनच अडतात, लाल-हिरवी आणि निळी-पिवळी.

एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं हेच हेरलं आणि हे रंग दृष्टीत एकमेकांचे विरोधक असणार असं मांडलं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यांतल्या दोन प्रकारांचा जास्तीत जास्त प्रतिसाद साधारण ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, म्हणजे अगदी लागून. मज्जापेशी त्या दोन संदेशांची वजाबाकी करतात. ढोबळ मानानं, तराजूचा काटा एका बाजूला गेला की लाल, दुसऱ्या बाजूला गेला की हिरवा. एकाच वेळी दोन्हीकडे तो कसा जाणार? शेजारचे रंग वेगळे ओळखण्याचं कामही याच वजाबाकीचं. ५९० नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्या-नारिंगीच्या सीमेवर, ती झपाट्यानं बदलते, म्हणून तिथं एखाद्या नॅनोमीटरचा फरकही नजरेला कळतो. हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात त्याहून जास्त अंतर लागतं.

काटा मधोमध राहिला तर काय दिसतं, ते मोबाइलवर बघता येईल. पडद्यावर पिवळं चित्र लावा आणि त्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा. थेंबाच्या भिंगातून पिवळा कुठेच नसतो, नुसते लाल आणि हिरवे ठिपके. थेंब पुसला की पुन्हा स्वच्छ पिवळा, त्यात लालीही नाही आणि हिरवेपणाही नाही.

कुणी म्हणेल, पिकायला लागलेल्या आंब्याचं काय? तिथं लाली एकीकडे आणि हिरवं दुसरीकडे असतं, एकाच जागी दोन्ही नाही. 'हिरवट तपकिरी' मात्र बिनधास्त म्हणा. तपकिरी म्हणजे काळवंडलेला नारिंगीच, त्यात पिवळा आहे, आणि पिवळ्याचं हिरव्याशी जमतं.

१९८३ साली क्रेन आणि पियान्तानिदा या संशोधकांनी डोळ्याच्या हालचालीबरोबर हलणारं चित्र दाखवून लाल-हिरव्या पट्ट्यांमधली सीमा विरघळवली, तेव्हा काहींना खरोखरच लालसर हिरवा दिसल्याचं त्यांनी नोंदवलं. त्यावर पुढे वाद झाले. मराठीला तरी अजून त्या शब्दाची गरज पडलेली नाही.

'-सर' आणि '-ट' अदलाबदलीनं मात्र वापरू नका. मोती पिवळसर, दात पिवळट. '-ट'मध्ये बहुधा नापसंती डोकावते. हिरव्याची गोष्ट वेगळी. त्याला 'हिरवसर' फारसं कोणी म्हणत नाही, त्यामुळे 'हिरवट'लाच दोन्ही कामं करावी लागतात, शिवाय चावट म्हाताऱ्याचंही.