एन्फोर्सरला मराठीत काय म्हणायचं? गुंड नको, राखणदार म्हणा

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या आईला घेऊन टोरंटोला भावाकडे गेल्या होत्या आणि रात्री टीव्हीवर आईस हॉकीची मॅच लागली होती. मधेच दोन खेळाडूंनी हातमोजे काढून टाकले आणि सरळ बुक्क्यांनी भिडले, पंच शेजारी उभे राहून बघतायत. आईने विचारलं हा कोण गं, भाचा म्हणाला एन्फोर्सर, आणि ताईंनी मराठी करून सांगितलं, 'म्हणजे त्यांच्या टीमचा गुंड.' तर भाचा चिडला, तो गुंड नाहीये म्हणे. आता ताईंना तीन गोष्टी हव्यात. एन्फोर्सरला बरोबर शब्द कुठला, 'डर्टी हिट'ला घाणेरडा फटका चालेल का, आणि 'सस्पेंड' म्हणजे निलंबित हेच ना.

ताई, भाच्याचं बरोबर आहे. तिकडे गुंडासाठी वेगळा शब्द आहे, गून. गून आणि गुंड कानाला जवळ वाटतात म्हणून नाही, पण अर्थाने ती जोडी छान जमते, ज्याला खेळता फारसं येत नाही आणि जो फक्त मारायला उतरतो तो गून. एन्फोर्सरचं तसं नाही. त्याचं काम म्हणजे आपल्या टीममधल्या नाजूक, हुशार खेळाडूच्या वाटेला कोणी जाऊ नये एवढं बघणं, आणि गेलाच कोणी तर त्याला जाब विचारणं. जुने लोक त्याला चक्क पोलीसमन म्हणायचे. १९६३ साली मॉन्ट्रियलच्या टीमने जॉन फर्ग्युसनला घेतलं ते यासाठीच, त्यांचा जाँ बेलिव्हो हा मोठा खेळाडू सांभाळायला. पहिल्याच मॅचमध्ये बाराव्या सेकंदाला त्याने बोस्टनच्या टेड ग्रीनशी मारामारी केली, आणि त्याच मॅचमध्ये दोन गोलही केले! आता याला गुंड कसं म्हणायचं?

पहिल्यांदा माझ्या मनात 'पाठीराखा' आला. अर्थ अगदी नेमका, पाठ राखणारा. पण पेपरवाल्यांनी तो शब्द केव्हाच प्रेक्षकांना देऊन टाकलाय, 'मुंबईचे पाठीराखे निराश' म्हणजे फॅन लोक. त्यामुळे 'पाठीराख्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल स्टँडमधला कोणी आत घुसला. 'कैवारी' तोंडाने भांडणारा वाटतो, 'अंगरक्षक' पगारी आणि कमरेला पिस्तूल असलेला, आणि 'दादा' म्हटलं की दादागिरी आलीच.

मग कोकणातला शब्द आठवला, राखणदार. बागेचा राखणदार सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण सिंधुदुर्गात नि गोव्यात गावाचा, शिवेचा, वाडीचा राखणदार असतो तो देवच असतो, हातात काठी घेऊन रात्री फिरतो अशी श्रद्धा, आणि नवीन काम काढायचं तर आधी त्याला गाऱ्हाणं घालतात. तो उगाच कोणाला काही करत नाही. रीत मोडली, शिवेवर आगळीक झाली की मात्र कोपतो. मला हे एन्फोर्सरच्या इतकं जवळ वाटतं की दुसरा शब्द शोधावासाच वाटला नाही. तो असतो म्हणूनच पुष्कळ गोष्टी होत नाहीत, हेच त्याचं खरं काम. एडमंटनच्या टीममध्ये वेन ग्रेट्झकी या नामांकित खेळाडूच्या आजूबाजूला आधी डेव्ह सेमेंको आणि मग मार्टी मॅकसॉर्ली असायचे, ग्रेट्झकीला हात लावायचा तर त्यांच्याशी गाठ आहे हे सगळ्या लीगला (म्हणजे एनएचएल, तिकडची मोठी हॉकी स्पर्धा) माहीत होतं. १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅकसॉर्लीलाही बरोबर घेऊन गेला, गावाबरोबर राखणदारही हलवला म्हणा ना. एक शंका येईल, राखणदार म्हणजे गोलरक्षक नाही ना वाटणार? मला नाही वाटत. गोलपाशी 'रक्षक' किंवा 'कीपर' इतके रुळलेत की राखणदार हा शब्द मोकळाच आहे.

आणि तिसरा एक प्राणी असतो, तो ताईंनी विचारला नाही पण त्याच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही. तिकडे त्याला पेस्ट म्हणतात, म्हणजे त्रास देणारा किडा. हा स्वतः फारसा मारत नाही, काठीने हळूच टोचेल, कानात काहीतरी बोलेल, समोरचा भडकून पेनल्टी (काही मिनिटं बाहेर बसायची शिक्षा) घेईल याची वाट बघेल. याला मराठीत तयार शब्द आहे, कळलाव्या! २००८ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी पककडे (हॉकीतली रबरी चकती) पाठ करून गोलरक्षक मार्टिन ब्रोदरच्या तोंडासमोर उभा राहिला आणि काठी नि हात नाचवत बसला, दुसऱ्याच दिवशी लीगला हे चालणार नाही असं फर्मान काढावं लागलं. कळलाव्यामुळे राखणदाराला उठावं लागतं, आणि राखणदार नसला तर गुंड शिरतो, हे तीन शब्द वेगळे ठेवले की मॅच कळते.

आता हिट. इथे फटका अजिबात नको. फटका हाताने, बॅटने, छडीने बसतो. हॉकीतला हिट म्हणजे सगळं अंग घालून समोरच्याला हलवणं, खांद्याने, छातीने, आणि ते नियमातच बसतं, कोणी किती हिट मारले याची आकडेवारीसुद्धा ठेवतात. याला शब्द 'धडक'. आणि बघा आपली भाषा किती बारीक आहे, टक्कर 'होते' पण धडक 'देतात'. टक्कर दोघांची असते, धडकेला देणारा असतो. ढुशी बैलाची नि बोकडाची, डोक्याने, ती इथे नको. लीगमध्ये शिक्षा ठरवणारे लोक व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून नेमकं हेच शोधत असतात, की ही टक्कर झाली का धडक दिली, समोरच्याने शेवटच्या क्षणी अंग वळवलं म्हणून डोकं मधे आलं का याने डोकंच गाठलं. त्यांना इंग्रजीत चार वाक्यं लागतात, आपण क्रियापद बदललं की काम झालं.

मग 'डर्टी'ला घाणेरडी म्हणावं का? घाणेरडी म्हटलं की मला शिवी किंवा विनोद आठवतो. मुलांच्या खेळातला 'रडीचा डाव' आहे, पण रडीत फसवणूक असते, कोणाची मान मोडत नाही. मी दोन शब्द ठेवीन. मागून, बाजूने, समोरच्याला दिसत नसताना दिली तर 'दग्याची धडक'. आणि आधीचा राग मनात धरून, इजा व्हावी म्हणूनच दिली तर 'खुनशी'. हे दोन एक नाहीत, आणि फरक का हवा ते दोन प्रसंगांवरून सांगतो.

७ मार्च २०१० ला पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सॅव्हार्डला बाजूने येऊन डोक्यावर धडक दिली, पक निघून गेला होता, सॅव्हार्डला तो दिसलाच नाही. जबर मार बसला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा डोक्याला लागल्यावर त्याचं खेळणं कायमचं थांबलं. कुकला काहीही शिक्षा झाली नाही, कारण तसा नियमच नव्हता! मग त्याच वर्षी नियम ४८ आला, आंधळ्या बाजूने येऊन डोक्यावर धडक द्यायची नाही. ही दग्याची.

दुसरा प्रसंग २००४ चा, मला अजून बघवत नाही. फेब्रुवारीत कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कप्तान मार्कस नॅसलंडला धडक दिली, नॅसलंडच्या डोक्याला लागलं, पण लीगने ती नियमात बसते म्हटलं. व्हँकुव्हरवाल्यांनी डूख धरला. ८ मार्चला पुन्हा गाठ पडली, पहिल्याच भागात मूरने मारामारी करून घेतली, म्हणजे त्यांच्या रिवाजाप्रमाणे हिशोब मिटायला हवा होता (आणि ती मारामारी कोणाशी, तर याच मॅट कुकशी, तेव्हा तो व्हँकुव्हरला होता). तरी तिसऱ्या भागात टॉड बर्टुझी त्याच्या मागे लागला, मागून जर्सी धरली, बुक्की मारली आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले, तो पुन्हा कधीच खेळला नाही. कोर्टात बर्टुझीने गुन्हा कबूल केला, आणि मूरचा नुकसानभरपाईचा दावा मिटायला २०१४ उजाडलं. याला खुनशीच म्हणायचं, आणि इथे धडक हा शब्दही नको, हा हल्ला आहे.

वर 'रिवाज' म्हटलं त्याला तिकडे 'द कोड' म्हणतात. हातमोजे टाकल्याशिवाय मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही, दमलेल्या गड्याला आव्हान द्यायचं नाही. मराठीत कृपा करून कोड लिहू नका, तो त्वचेचा विकार आहे. 'संकेत' लिहा, न लिहिलेल्या पण पाळायच्या नियमाला हाच शब्द आहे. आणि हातमोजे टाकून दोघं एकमेकांभोवती फिरतात, हात पुढे करून अंदाज घेतात, त्याला आपल्या तालमीतली 'खडाखडी' किती चपखल बसते!

आता निलंबन. सरकारी नोकरीत निलंबन ही मुळात शिक्षाच नाही, चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवतात, आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. हॉकीत उलटं आहे. आधी सुनावणी, मग शिक्षा, आणि तेवढ्या सामन्यांचा पगार कापला जातो, तो पैसा खेळाडूंच्या मदतनिधीत जातो. म्हणून 'बंदी' म्हणा, 'अमुक सामन्यांची बंदी', क्रिकेटच्या बातमीत आपण तेच म्हणतो. २०१५ साली राफी टोरेसला एकदम ४१ सामन्यांची बंदी बसली, अर्धा सीझन. आणि मॅचमध्येच पाच मिनिटं बाहेर बसवतात ती पेनल्टी, तिला पेनल्टीच राहू दे. हे पाच मिनिटांचं १९२२ पासूनचं आहे, मारामारीला मनाई आहे आणि किंमतही ठरलेली आहे. ऑलिंपिकमध्ये मात्र मारामारी केली की थेट मॅचबाहेर.

या शिक्षा देणारा लीगचा विभाग २०११ मध्ये सुरू झाला. 'शिस्तपालन समिती' म्हणू नका, त्याच्या नावात शिस्त नाहीच, खेळाडूंची सुरक्षितता आहे, म्हणून 'खेळाडू सुरक्षा विभाग'. २०१७ मध्ये त्याचा प्रमुख झाला जॉर्ज पॅरोस, प्रिन्स्टनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला, आणि खेळत होता तेव्हा स्वतः राखणदार! यावर तिकडे लोक खूप रागावतात, मला ते उलट बरं वाटतं, कुठली धडक मुद्दाम दिलेली आहे हे त्याच्याइतकं कोणाला कळणार.

ताई, आईंना आणखी एक सांगा. राखणदार आता फार उरले नाहीत. १९९२ मध्ये भांडण उकरून काढणाऱ्यासाठीचा नियम कडक झाला, खेळ वेगवान झाला, नुसत्या मारामारीसाठी टीममध्ये जागा अडवणं परवडेना. आणि २०११ च्या मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलॅक हे तिघं राखणदार वारले. बूगार्ड अवघा २८ वर्षांचा होता, नंतर त्याचा मेंदू तपासला तर वारंवार मार बसून होणारा आजार त्यात सापडला. दुसऱ्याची पाठ राखता राखता या माणसांनी स्वतःचं डोकं पुढे केलं होतं, म्हणून मला गुंड शब्द इतका खटकतो.

तर पुढच्या वेळी आईंना असं सांगून बघा, 'आई, तो पलीकडचा कळलाव्या मघापासून आपल्या पोराला टोचत होता, मग एकाने दग्याची धडक दिली, म्हणून आपला राखणदार उतरला, आता दोघं पाच मिनिटं बाहेर बसतील आणि धडक देणाऱ्याला बंदी येईल.' भाच्यालाही म्हणायला लावा, त्याला राखणदार हा शब्द आवडेल असं मला फार वाटतं.