गाण्याची सिस्टीम, घरची लाईट आणि पॉवर कंडिशनर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (शहापूर, बेळगाव): 60 वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि उभे स्पीकर अशी माझी सिस्टीम आहे. गल्लीत यंत्रमाग भरपूर. संध्याकाळी व्होल्टेज 200 च्या आसपास असतं, रात्री माग थांबले की 248 पर्यंत जातं. दुकानदार 45,000 रुपयांचा पॉवर कंडिशनर घ्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर: इतक्यात नको. तुमचं दुखणं व्होल्टेजचं आहे, आणि कंडिशनर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पेटी व्होल्टेज सुधारतेच असं नाही. या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू खपतात. बऱ्याच पेट्यांत सर्ज म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी अडवणारे एमओव्ही नावाचे छोटे भाग आणि एक फिल्टर, एवढाच ऐवज असतो. हा फिल्टर साधारण 150 किलोहर्ट्‌झच्या वरची घाण अडवतो. आत 200 व्होल्ट आले तर बाहेरही 200 च. दुसरी वस्तू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन वाइंडिंगांमध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड असेल आणि ती अर्थला जोडलेली असेल, तर मोटारींची खरखर बरीच कमी होते. व्होल्टेज मात्र तसंच राहतं. तिसरी वस्तू स्टॅबिलायझर. चौथी रीजनरेटर: तो विजेचं डीसी करून त्यातून 230 व्होल्टची नवी लाट बनवतो. ऑनलाइन यूपीएसही हेच करतो, फक्त त्याचा पंखा कानाशी अखंड भुणभुणतो. दुकानदाराला एवढंच विचारा, "आत 190 असताना बाहेर किती?" उत्तर आकड्यात मिळालं नाही तर पिशवी उचलून घरी या.

आता 200 व्होल्टनं नेमकं काय बिघडतं ते पाहू. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतलं डीसी व्होल्टेज मेन्सच्या प्रमाणात खाली येतं. 200 भागिले 230 म्हणजे 0.87, आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून त्याचा वर्ग 0.76. म्हणजे 60 वॉटचे उरले 45. ऐकताना हा फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा आहे. आवाज फार वाढवला तरच फाटल्यासारखा येईल. खरी काळजी रात्रीच्या 248 ची. अ‍ॅम्पच्या पाठीवर 220 लिहिलं असेल तर हे जवळजवळ 13 टक्के जास्त झालं. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वानं भरून जायला लागतो (सॅच्युरेशन), तो गुणगुणतो, तापतो, आणि फिल्टर कपॅसिटर त्यांच्या कमाल व्होल्टेजच्या काठावर येतात. म्हणून पाठीवरचा आकडा आधी वाचा. काही अ‍ॅम्पमध्ये 220 आणि 240 चे वेगळे टॅप असतात. ते बदलण्याचं काम मेकॅनिककडून करून घ्या. आत 100 ते 240 व्होल्टचा एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असेल तर संध्याकाळचा प्रश्न मिटलाच, रात्रीचा उरतो.

खरेदीआधी तीन दिवस मोजमाप करा. मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे विजेची लाट वेडीवाकडी असली तरी बरोबर मोजणारा, हवा आणि मोजायचं अ‍ॅम्पच्याच सॉकेटवर: सकाळी 7, संध्याकाळी 8, रात्री 11. त्याच सॉकेटवर 1000 वॉटची इस्त्री लावून पुन्हा पाहा. व्होल्टेज 6 पेक्षा जास्त पडलं तर गल्लीतल्या मागांना बोल लावू नका. कुठेतरी स्क्रू सैल आहे किंवा वायर बारीक आहे, आणि त्यावर कोणतीही पेटी चालत नाही. वायरमनकडून डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून वेगळी लाईन ओढून घ्या: 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, शेवटी 16 अँपिअरचं सॉकेट. सी-कर्व्ह अशासाठी की टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो आणि बी-कर्व्ह उगाच पडतो. 20 मीटर अंतरावर 5 अँपिअरला या वायरीत जेमतेम दीड व्होल्ट जातो.

एवढं करूनही 200 ते 248 चा झोका राहिला, तर सर्वो स्टॅबिलायझर घ्या, रिलेचा नको. रिलेवाला टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि प्रत्येक उडीची टिक स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. सर्वोत मोटार कार्बन ब्रश फिरवून व्होल्टेज सलग जुळवते. मागाची मोटार सुरू होतानाचा क्षणिक गचका त्याला सापडत नाही, पण तेवढा अ‍ॅम्पचे कपॅसिटर पोटात घालतात. इनपुट रेंज 170 ते 270 ची पुरे. क्षमतेचा हिशोब: अ‍ॅम्प 250 वॉट आणि बाकीचं 50, असे 300, पॉवर फॅक्टर (वॉट आणि व्हीए यांचं प्रमाण) 0.65 धरला तर 460 व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. दुप्पट करून 1 केव्हीए. पेटी अ‍ॅम्पपासून दीड मीटर लांब ठेवा आणि ब्रश वर्षातून एकदा तपासून घ्या. यानंतरही खरखर राहिली तर शील्डवाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. 45,000 ची पेटी या रांगेत सगळ्यात शेवटी.

प्रश्न (खानापूर तालुका): स्पाइक गार्ड दोनदा जळाला. पहिल्यांदा वळवाच्या पावसात विजा पडताना. दुसऱ्यांदा आभाळ अगदी स्वच्छ होतं, पण त्या वेळी गावातले सगळे बल्ब एकाएकी लख्ख झाले होते. आता मोठा कंडिशनर घ्यावा का?

उत्तर: दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत. एमओव्ही काही मायक्रोसेकंदांचा तडाखा झेलण्यासाठी असतो. 275 व्होल्टचा एमओव्ही 700 च्या आसपास व्होल्टेज दाबून धरतो, पण सलग 300 व्होल्ट आले की स्वतःच भाजून निघतो. बल्ब लख्ख झाले म्हणजे बहुधा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला. तसं झालं की शेजारच्या लोडनुसार तुमच्या घरात 400 पर्यंतही व्होल्टेज येऊ शकतं. पंपांची थ्री फेज गेल्यावर लोड एकदम उतरतो तेव्हाही व्होल्टेज चढतं, पण इतकं नाही. यावर कंडिशनर नको, ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ हवा: 270 च्या वर आणि 180 च्या खाली तोडणारा, लाईट सुरळीत झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा. न्यूट्रलची तक्रार वीज कंपनीकडे त्याच दिवशी नोंदवा.

विजांसाठी डिस्ट्रिब्यूशन बोर्डात टाइप 2 एसपीडी, म्हणजे तडाखा अर्थमध्ये वळवणारं उपकरण, बसवा. त्याच्या फेजकडच्या आणि अर्थकडच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत; वायर लांबली की तडाख्याचा मोठा भाग पुढे निसटतो. एसपीडीचं सगळं बळ अर्थिंगमध्ये असतं, आणि तुमच्याकडच्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा मार्चपासूनच कोरडा पडतो. अर्थिंगची परीक्षा वायरमनकडून अशी करून घ्या: फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॉटचा साधा बल्ब लावायचा आणि बल्बवरचं व्होल्टेज मोजायचं. ते फेज-न्यूट्रल व्होल्टेजपेक्षा 4 नं कमी आलं तर अर्थचा रोध साधारण 10 ओहम. 20-30 नं कमी आलं तर खड्डा नव्यानं भरायला हवा. आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर या परीक्षेत तो पडणारच. परीक्षा चालू असताना घरातल्या कोणीही लोखंडी वस्तूला हात लावायचा नाही.

आणि वीज जवळ कडाडायला लागली की प्लग काढा, डिशची केबलही काढा. बटण बंद करून भागत नाही. बटणातली काही मिलिमीटरची फट तिला काहीच नाही.

प्रश्न (निपाणी): फिल्टरवाला कंडिशनर लावल्यापासून अ‍ॅम्पच्या लोखंडी अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. शिवाय स्पीकरमधून 'हूं' असा आवाज येतो. पेटी खराब आहे का?

उत्तर: पेटी बहुधा ठीक आहे, घराला अर्थिंग नाही. फिल्टरमध्ये फेजपासून अर्थला आणि न्यूट्रलपासून अर्थला एकेक छोटा वाय कपॅसिटर असतो. अर्थ तुटलेला असला की त्या दोघांच्या मध्यावर, म्हणजे अ‍ॅम्पच्या अंगावर, मेन्सच्या निम्मं म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास उभं राहतं. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आतली वायर अंगाला टेकली तर पूर्ण 230 तुमच्या हातात. अर्थिंग होईपर्यंत सिस्टीम लावू नका. अर्थ म्हणून नळाच्या पाइपला किंवा न्यूट्रलला जोडणं तर अजिबात नको.

अर्थिंग झाल्यावरही 'हूं' राहिला तर इनपुटच्या वायरी एकेक काढून पाहा. सेट-टॉप बॉक्स काढल्यावर आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप: केबलवाल्याच्या कोॲक्सची (टीव्हीच्या गोल केबलची) जाळी एका बाजूनं अर्थ झालेली, तुमची सिस्टीम दुसऱ्या बाजूनं. कोॲक्समध्ये आयसोलेटर लावा किंवा बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलनं घ्या. यावर कंडिशनरचा काही उपयोग नाही. तिसरी पिन कापण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. आवाज स्पीकरमधून नसून अ‍ॅम्पच्या पोटातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा. वर शहापूरच्या उत्तरातलं चढं व्होल्टेज पाहा.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): वडिलांच्या जुन्या एलपी आहेत, बऱ्याचशा कुमार गंधर्वांच्या. कंडिशनरनं टर्नटेबलचा वेग स्थिर होईल का?

उत्तर: नाही. एसी सिंक्रोनस मोटारीचा वेग व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर ठरतो, आणि ग्रिड ती 49.90 ते 50.05 हर्ट्‌झच्या पट्ट्यात राखायचा प्रयत्न करतं. 50 पासून हा फरक फार तर 0.2 टक्क्यांचा; सुळेभावीत जन्मलेल्या कुमारांचा सूर त्यानं ढळत नाही. सूर खरोखर डळमळत असेल तर बेल्ट ढिला झालाय किंवा स्पिंडलचं तेल सुकलंय. डीसी मोटार असेल तर वेगाचा स्क्रू फिरवून जुळवा.

प्रश्न (चिकोडी): इन्व्हर्टरच्या लाईनवर सिस्टीम चालवली तर चालेल?

उत्तर: स्क्वेअर वेव्हचा असेल तर नको, ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो आणि जास्त तापतो. प्युअर साइनवेव्ह चालेल. पण लाईट असताना इन्व्हर्टर मेन्स जसाच्या तसा पुढे सोडतो, त्याला स्टॅबिलायझर समजू नका. यूपीएस मोडमध्ये तो साधारण 180 ते 260 व्होल्टपर्यंत मेन्स जाऊ देतो, नॉर्मल मोडमध्ये त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मागचा स्विच यूपीएसवर ठेवा.